पोराला मैदानात कधी उतरवणार?

21 ऑक्टोबर 2017, शनिवार. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना होता. इंग्लंडने अमेरिकेला 4-1 असं लोळवलं, रिअन ब्रूस्टरने हॅटट्रिक केली. पण कोलकात्यातल्या साखळी सामन्यांत तीन गोल ठोकून गाजलेला जेडन सँचो त्या दिवशी गोव्यात नव्हता. त्याच्या क्लबने, बोरुसिया डॉर्टमुंडने, त्याला साखळी फेरीपुरतंच सोडलं होतं. फेरी संपली आणि पोराला परत बोलावणं आलं. फातोर्डावर त्याचे सवंगडी अमेरिकेचा धुव्वा उडवत होते, त्याच दिवशी सँचो फ्रँकफर्टमध्ये बुंडेसलिगाच्या सामन्यात अखेरची काही मिनिटं बदली खेळाडू म्हणून उतरला. मोठ्यांच्या लीगमधला त्याचा तो पहिलाच सामना.

आठवड्याभराने कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला 5-2 असं हरवून विश्वचषक जिंकला, तो सँचोशिवाय. आपल्याकडे कुणा आईबापाला विचारलं असतं, की पोराला विश्वविजेत्या संघात खेळू द्यायचं की परदेशात जाऊन पाच मिनिटांसाठी बाकावर बसवायचं, तर उत्तर काय आलं असतं हे सांगायला नको. डॉर्टमुंडचा हिशेब वेगळा होता. वयोगटातले शंभर सामने खेळून पोराला जे उमगत नाही ते मोठ्यांच्या दहा सामन्यांत उमगतं, यावर त्या क्लबचा सगळा धंदा उभा आहे. हो, धंदाच. सँचोला त्यांनी मँचेस्टर सिटीकडून सुमारे 80 लाख पौंडांत उचललं होतं. चार वर्षं खेळवलं आणि 2021 मध्ये मँचेस्टर युनायटेडला 7 कोटी 30 लाख पौंडांना विकलं. मधल्या फरकात त्याची गुणवत्ता आली, मेहनत आली आणि मैदानावरची मिनिटं आली. पहिल्या दोन गोष्टी मँचेस्टर सिटीतही त्याच्याजवळ होत्या.

त्याच इंग्लंड संघातला फिल फोडेन हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने सिटी सोडली नाही. प्रशिक्षक पेप गार्डिओलाने त्याला तीन मोसम थेंबाथेंबाने पाजलं. पहिल्या मोसमात लीगचे पाच सामने, दुसऱ्यात तेरा. डेव्हिड सिल्वा 2020 मध्ये गेल्यावर कुठे त्याची जागा पक्की झाली आणि 2024 मध्ये तो प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे थांबूनही भलं होतं. फक्त फोडेन थांबला होता तो सिल्वा आणि डी ब्रुइन यांच्याशी रोज सरावात झटापट करत आणि लीग कपसारख्या दुय्यम स्पर्धांत पूर्ण सामने खेळत. तिसरा तो ब्रूस्टर, आठ गोल करून सोनेरी बूट नेणारा. तो दुखापतीत अडकला. लिव्हरपूलकडून त्याला लीगचा एक सामनाही मिळाला नाही, मग क्लब बदलला आणि त्या उंचीवर तो पुन्हा काही पोचला नाही. एकाच चमूतली ही तीन पोरं. गुणवत्ता उन्नीस-बीस, वाटा तीन.

आता त्याच स्पर्धेतल्या आपल्या पोरांकडे येऊ. यजमान म्हणून भारताला प्रवेश मिळाला होता. दिल्लीत अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा, पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आघाडीपटू. स्पर्धा संपली, सत्कार झाले, फेटे बांधले गेले. आणि मग खरा प्रश्न उभा राहिला, की या एकवीस पोरांचं आता करायचं काय?

इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या क्लबांनी त्यांना घेतलं असतं. पण घेतलं असतं आणि बाकावर बसवलं असतं. तेव्हा आयएसएलमध्ये प्रत्येक संघाचे पाच परदेशी खेळाडू एका वेळी मैदानात असायचे. उरलेल्या सहा जागांवर तिशीकडे झुकलेले अनुभवी भारतीय. सतरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला येणार होती ती सरावातली धावपळ आणि सामन्याआधीची फोटोपुरती जर्सी. म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक जुनाच प्रयोग नव्याने काढला. सगळी पोरं एका संघात घालायची आणि तो संघ थेट आय-लीगमध्ये, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्याबरोबर खेळवायचा. नाव ‘इंडियन ॲरोज’. परदेशी खेळाडू एकही नाही, आणि शेवटून पहिले आले तरी खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही.

आमच्याकडे खेड्यात पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत ढकलतात. ॲरोज म्हणजे तो डबा.

2010 ते 2013 या काळात ॲरोजची पहिली पिढी खेळली होती. जेजे लालपेखलुआ, प्रीतम कोटाल, होलीचरण नारझारी ही पुढे राष्ट्रीय संघात वर्षानुवर्षं दिसलेली नावं तिथली. मग पैशांअभावी दुकान बंद. 2017 मध्ये ते पुन्हा उघडलं. 29 नोव्हेंबरला गोव्यात बांबोळीच्या मैदानावर पहिला सामना चेन्नई सिटीशी, आणि पोरांनी तो 3-0 असा मारला. त्यातले दोन गोल अनिकेत जाधवचे.

डिसेंबरमध्ये दिल्लीत शिलाँग लाजाँगविरुद्ध नोंगडांबा नाओरेमने केलेला गोल आजही इंटरनेटवर शोधून बघावा असा आहे. डाव्या बगलेवर चेंडू मिळतो. पहिला बचावपटू अंगावर येतो, त्याला बाहेरून काढतो. दुसरा पाय घालतो, त्याच्या आतून. आता बहुतेक पोरं इथे चेंडू मागे देतात, कारण चुकलं तर शिव्या बसतात. हा देत नाही. आणखी दोघं-तिघं गळतात आणि चेंडू जाळ्यात. पोराचं वय सतरा. दुसऱ्या कुठल्याही संघात असता तर पहिल्या बचावपटूनंतरच प्रशिक्षकाची हाळी आली असती, ‘पास दे, पास!’ ॲरोजमध्ये चेंडू गेला असता तरी काही बिघडणार नव्हतं. तो गोल सुचायला तेवढी मोकळीक लागते.

ॲरोज त्या मोसमात तळाला राहिले. दहा संघांत दहावे. समाजमाध्यमांवर चेष्टा झाली, ‘पोरांना रोज मार खायला कशाला पाठवता?’ माझ्या मते त्या वर्षी भारतीय फुटबॉलमध्ये सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा तोच. अठरा सामने गुणिले नव्वद, म्हणजे एक हजार सहाशे वीस मिनिटं आणि मैदानावर अकरा जागा. एवढी मिनिटं वीसेक पोरांत वाटली गेली. त्याच वयाची बाकी मुलं आयएसएलच्या राखीव संघांत सराव करत होती. सराव आणि सामना यांत फरक कशाचा असतो, तर चुकीच्या किमतीचा. सरावात चेंडू गमावला तर शिट्टी होते आणि पुन्हा सुरू. सामन्यात चेंडू गमावला की समोरचा तीस वर्षांचा ब्राझिलियन तो घेऊन पळतो, गोल होतो, गोलरक्षक तुमच्याकडे बघतो आणि पुढची चाळीस मिनिटं तुम्हाला त्या नजरेसकट खेळावं लागतं. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायची सवय अशा दोन-चार गोलांनंतरच लागते. फळ्यावर खडूने काढून ती लागत नाही.

याचं फळ दिसायला फार वर्षं लागली नाहीत. 20 मार्च 2022, पुन्हा फातोर्डा. आयएसएलचा अंतिम सामना, हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स. केरलाचा गोल केला राहुल के. पी. याने, तो 2017 च्या त्या चमूतला आणि ॲरोजमधला. केरलाच्या मधल्या फळीत जॅक्सन सिंग, तोही तिथलाच. हैदराबादच्या डाव्या बगलेला आकाश मिश्रा, ॲरोजमधून थेट आलेला. हैदराबादच्या ताफ्यात अनिकेत जाधवही होता. गोव्याच्याच साहिल तवोराने 88व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि हैदराबाद पेनल्टींवर जिंकलं. आणि गंमत पाहा, त्याच 2022 मध्ये महासंघाने ॲरोज पुन्हा बंद केला. पैसा तळागाळातल्या युवा लीगकडे वळवायचा, असं कारण दिलं गेलं. युवा लीग हव्यातच. पण युवा लीगमधून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या पोराने जायचं कुठे, हा ज्या प्रश्नासाठी ॲरोज निघाला होता तो प्रश्न तसाच राहिला.

हैदराबादचे प्रशिक्षक होते मनोलो मार्केझ. स्पॅनिश गृहस्थ. 2020 मध्ये ते आले तेव्हा हैदराबाद आदल्या मोसमात तळाला राहिलेला संघ होता. कोविडमुळे तो सगळा मोसम गोव्यातल्या तीन मैदानांवर, रिकाम्या स्टँडसमोर खेळला गेला. मार्केझ यांनी आकाश मिश्रा, आशिष राय, मोहम्मद यासिर अशी पोरं लावली आणि लावूनच धरली. खराब सामना गेला तरी पुढच्या सामन्यात तीच पोरं. रिकाम्या स्टँडांचा पोरांना फायदा झाला असावा असं मला नेहमी वाटतं. शिव्या घालायला कुणी नव्हतं.

त्यांतला लिस्टन कुलासो हा सासष्टीचा गोंयकार. आधी एफसी गोवाचा. आपल्याच गावच्या क्लबमध्ये त्याला दोन-अडीच मोसमांत मोजकेच सामने मिळाले. गोव्याच्या संघात तेव्हा आघाडीला एकाहून एक स्पॅनिश खेळाडू, आणि संघ जिंकत होता, त्यामुळे कुणाला बाहेर काढून या पोराला आत घ्यायचं हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. 2020 च्या जानेवारीत तो हैदराबादला गेला, पुढचा मोसम जवळपास सलग खेळला आणि 2021 मध्ये एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी भारतीय खेळाडूला तोवर न मिळालेली रक्कम मोजली, सुमारे एक कोटी. पाय तेच, फटका तोच. मधे फक्त एक मोसम गेला होता, आणि तो मैदानात गेला होता.

उलट उदाहरणही फातोर्डाचंच आहे. 29 जानेवारी 2022 रोजी कोलकात्याची डर्बी कोविडमुळे तिथे खेळली गेली. एकवीस वर्षांचा कियान नासिरी, माजी फुटबॉलपटू जमशेद नासिरींचा मुलगा, मोहन बागानकडून तासाभरानंतर बदली म्हणून उतरला आणि त्याने ईस्ट बंगालविरुद्ध हॅटट्रिक केली. डर्बीत, बदली खेळाडूने, तीन गोल! तुमचा अंदाज असेल की पुढच्या सामन्यापासून त्याची जागा पक्की झाली. नाही झाली. पुढेही तो बहुतेक बाकावरूनच उतरत राहिला आणि शेवटी क्लब बदलून चेन्नईला गेला. तीन गोलांनी जी जागा मिळत नाही ती आणखी कशाने मिळणार, हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मग नियम करून मिनिटं का देऊ नयेत? जगात बऱ्याच ठिकाणी हे करून झालंय. चीनने 2017 मध्ये फर्मान काढलं की सुरुवातीच्या अकरांत तेवीस वर्षांखालचा निदान एक खेळाडू हवाच. प्रशिक्षकांनी तो लावला आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढला. नियम पाळला गेला, पोरगं टॉवेल गुंडाळून बाकावर. पुढच्या वर्षी चिनी महासंघाने नियम बदलला, जितके परदेशी खेळवाल तितकी तरुण पोरं खेळवा. मेक्सिकोने आधीच शहाणपणा केला होता, तिथे क्लबला मोसमभरात तरुणांची ठरावीक मिनिटं भरावीच लागायची, नाहीतर गुण कापले जात. पोलंडने आधी ‘मैदानात कायम एक तरुण’ असा नियम केला, मग 2022 पासून मोसमाला 3000 मिनिटांचा हिशेब लावला आणि कमी पडल्यास दंड. यातला मेक्सिको-पोलंडचा मार्ग मला पटतो. डोकी मोजू नयेत, मिनिटं मोजावीत. आपल्या आयएसएलने सामन्याच्या चमूत दोन विकसनशील खेळाडू असलेच पाहिजेत असा नियम केला. चमूत. म्हणजे बस, हॉटेल, वॉर्म-अप आणि बाक.

हिशेब करून बघा. 2024-25 च्या आयएसएलमध्ये प्रत्येक संघाचे साखळीत चोवीस सामने, म्हणजे 2160 मिनिटं. एखाद्या पोराला दहा सामन्यांत 85व्या मिनिटाला उतरवलं तर त्याच्या नावावर दहा सामने लागतात आणि पायांत जेमतेम पन्नास मिनिटं. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र तो ‘दहा सामन्यांचा अनुभव असलेला’. पाच बदली खेळाडूंचा नियम आला तेव्हा वाटलं होतं की याचा फायदा पोरांना होईल. झाला तो बहुतेक असा पाच मिनिटांचा.

यात प्रशिक्षकाला एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. त्याचा करार वर्षा-दोन वर्षांचा, चार सामने हरले की विमानाचं तिकीट हातात. अठरा वर्षांचा पोरगा तयार होईल तो तीन वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली. पण मालकांचं काय? आयएसएलमध्ये एवढी वर्षं खालच्या श्रेणीत घसरण्याची भीतीच नव्हती. इंग्लंडमध्ये एक मोसम वाईट गेला तर क्लब कोट्यवधी पौंडांना बुडतो, तरी बर्मिंगहॅम सिटीने दुसऱ्या श्रेणीत सोळा वर्षांच्या ज्यूड बेलिंगहॅमला अख्खा मोसम खेळवला. आपल्याकडे नववं आलं काय आणि अकरावं आलं काय, काही फरक पडत नव्हता. पोरं खेळवायला यापेक्षा सोयीची लीग जगात शोधून सापडली नसती. आणि आपण त्या सोयीचा उपयोग तिशीतले परदेशी आघाडीपटू आणण्यासाठी केला.

त्याची वसुली राष्ट्रीय संघाकडून झाली. 2021 पासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आली, पण हे चार जण कुठे खेळतात ते बघा. एक मधला बचावपटू, एक-दोन मधल्या फळीत, आणि नऊ नंबरवर बहुतेक परदेशीच. भारतीय पोरांना बगला मिळाल्या, म्हणून आपल्याकडे चांगले बगलेचे खेळाडू तयार झाले. मधोमध उभं राहून गोल करायची जागा कुणाला मिळालीच नाही. सुनील छेत्री 2024 च्या जूनमध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला, आणि 2025 च्या मार्चमध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. बोलावणारे प्रशिक्षक कोण, तर तेच मनोलो मार्केझ, ज्यांनी हैदराबादमध्ये पोरं लावून धरली होती. देशात त्यांना नऊ नंबरचा पोरगा सापडला नाही. त्या वर्षीच्या जुलैत तर आयएसएलचा पुढचा मोसमच लांबणीवर पडला, सगळ्यांचीच मिनिटं शून्य.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मिनिटं हे टॉनिक आहे आणि त्याचाही अतिरेक होतो. बार्सिलोनाचा पेद्री 2020-21 मध्ये अठरा वर्षांचा होता. क्लब, युरो आणि वर टोकियो ऑलिंपिक धरून त्या एका मोसमात त्याचे सत्तरच्या वर सामने झाले. पुढची दोन-तीन वर्षं त्याच्या मांडीचे स्नायू सारखे दगा देत राहिले. त्याच क्लबचा अन्सू फाती सोळाव्या वर्षी चमकला, गुडघ्याला इजा झाली, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि तो वेग परत आला नाही. लामिन यामालला बार्सिलोनाने पंधराव्या वर्षी उतरवलंय, त्याचं काय होतं ते आपण बघतोच आहोत. पण आपल्या देशात पोरं जास्त खेळून मोडल्याची चिंता करणं म्हणजे दुष्काळात पुराची तयारी. आपल्याकडे काळजी घ्यायची ती वेगळीच, ‘अठरा वर्षांचा’ म्हणून लावलेला पोरगा खरोखर अठराचा आहे ना याची. मनगटाच्या एमआरआय चाचणीवर जन्मदाखल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवावा लागतो, यातच सगळं आलं.

आता कोल्हापूर. महाराष्ट्रात पोरांना मोठ्यांच्या सामन्यात फुकट मिनिटं मिळू शकतील असं एकच गाव मला दिसतं, आणि ते हे. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग लागली की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा संघांमागे अख्ख्या पेठा उतरतात. कामावरून लवकर सुटून आलेले लोक, हलगी, घोषणा, आणि समोरच्या पेठेच्या नावाने उद्धार. एवढ्या गर्दीसमोर खेळण्याचा दबाव भारतातल्या बऱ्याच व्यावसायिक खेळाडूंनाही ठाऊक नसतो. ॲरोज जे पैसे ओतून उभं करत होता ते इथे ईर्ष्येपोटी आपोआप उभं राहतं.

पण ईर्ष्याच पोराला बाकावर बसवते. लीगनंतर उन्हाळाभर चालतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. हरलात की घरी, आणि घरी म्हणजे पेठेत, जिथे चौकाचौकात जाब द्यायचा. अशा वेळी कोण एकोणीस वर्षांच्या पोराला मधल्या फळीत उतरवेल? बाहेरगावचा, कधी परदेशी, पैसे देऊन आणलेला गडी उतरतो. पोरगं लीगच्या एखाद्या सोप्या सामन्यात, संघ तीन गोलांनी पुढे असताना, शेवटच्या दहा मिनिटांत दिसतं. अनिकेत जाधव घडला तो लहानपणी पुण्याला गेला म्हणून. पेठेत राहिला असता तर त्याला एवढे सामने एवढ्या लवकर मिळाले असते का, याबद्दल मला शंका आहे.

बाद स्पर्धांना हात लावायला नको, तो गावचा सण आहे. लीग मात्र पोरांची करता येईल. प्रत्येक संघाने लीगच्या मोसमात एकोणीस वर्षांखालच्या मुलांची अमुक इतकी मिनिटं भरावीत, नाही भरली तर गुण कापावा, एवढा एकच नियम पुरे. त्याला अकादमी लागत नाही, परदेशी प्रशिक्षक लागत नाही, प्रायोजकही लागत नाही. लागतो तो घड्याळ लावून नोंद ठेवणारा एक माणूस.

आणि नियम होईपर्यंत कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांना एक विनंती. सामन्याच्या बातमीत गोल कुणी केले, पिवळं कार्ड कुणाला मिळालं, प्रमुख पाहुणे कोण होते, हे सगळं तुम्ही छापताच. त्याखाली एक ओळ वाढवा, दोन्ही संघांत एकोणीस वर्षांखालचं कोण कोण खेळलं आणि किती मिनिटं खेळलं. ज्या संघापुढे सलग चार आठवडे शून्य येईल, त्याच्या व्यवस्थापकाला त्याच्याच पेठेतली माणसं विचारतील.